एनसीसीचा युनिफॉर्म: परत परत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी एनसीसीत (राष्ट्रीय छात्र सेनेत) ज्युनिअर विंगला, म्हणजे शाळेत, दोन वर्षं आणि सिनिअर विंगला, म्हणजे कॉलेजात, तीन वर्षं काढली, शेवटच्या वर्षी सिनिअर अंडर ऑफिसर (कॅडेटमधली सगळ्यात वरची रँक) होते. तेव्हापासून दर जून-जुलैत एनरोलमेंट झालं की ज्युनिअर मुलामुलींचे मेसेज सुरू होतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलंय. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, तुमच्या एएनओ सरांनी (एनसीसी बघणारे शिक्षक) किंवा पीआय साहेबांनी (सैन्यातून आलेले प्रशिक्षक) सांगितलेलं आणि इथलं यात फरक पडला तर त्यांचंच ऐकायचं, कारण ऑर्डर युनिटची असते.

१. ताई, एनसीसीचा युनिफॉर्म म्हणजे नक्की काय काय येतं?

तुम्ही कुठल्या विंगला आहात त्यावर आहे. आर्मी विंगला खाकी, नेव्हल विंगला पांढरा, एअर विंगला हवाई दलासारखा निळसर. इथून पुढे मी बहुतेक आर्मी विंगबद्दलच बोलणार आहे कारण मी तीच केली आणि महाराष्ट्रात जास्त मुलं तिथेच असतात. खाकी शर्ट, खाकी पॅंट, वेब बेल्ट, बेरेट (लोकरीची गोल टोपी), त्यावर कॅप बॅज आणि हॅकल (तुरा), खांद्यावर शोल्डर टायटल (नावाची पट्टी), नेमप्लेट, सॉक्स आणि काळे बूट. लॅनयार्ड (खांद्यावरची दोरी), अँकलेट (घोट्यावरची पट्टी), जर्सी ही नंतरची किंवा प्रसंगाची, सांगितली तरच घालायची. याशिवाय पीटीचा ड्रेस वेगळा, कॅम्पला जाताना तो विसरू नका, दहा दिवसांच्या कॅम्पमध्ये सकाळ त्याच्यातच जाते.

२. हे सगळं फुकट मिळतं ना? मग दुकानदार सेटचे पैसे का मागतोय?

कॅडेटला युनिफॉर्मसाठी स्वतःच्या खिशातून खर्च पडू नये हीच मूळ व्यवस्था आहे. आधी सगळं युनिटच्या स्टोअरमधून मिळायचं, मग युनिफॉर्मचा भत्ता थेट कॅडेटच्या बँक खात्यात टाकायला सुरुवात झाली, त्यासाठीच २०२३ मध्ये स्टेट बँकेबरोबर ‘पहली उडान’ नावाने झिरो बॅलन्स खात्याची योजना आली. त्यामुळे एनरोलमेंटच्या वेळी बँकेचं पासबुक आणि नावाचं स्पेलिंग नीट द्या, आधार कार्डावर एक आणि पासबुकावर दुसरं असलं की पैसे अडकतात आणि मग पोरगं सहा महिने बिनाबेल्टचं फिरतं.

दुकानात जायच्या आधी सिनिअरला विचारा की कुठल्या वस्तू स्टोअरमधून मिळणार आहेत आणि कुठल्या आपण घ्यायच्यात. दुकानदार पूर्ण सेटच देतो, त्यात निम्म्या वस्तू लागतच नाहीत. आणि घाईघाईत घेतलेल्या खाकीची शेड वेगळी निघाली तर ओळीत उभं राहिल्यावर लांबूनही कळतं.

३. घरची परिस्थिती नाही आणि पैसे यायला वेळ आहे. तोपर्यंत परेडला जाऊ की नको?

जा, काहीही झालं तरी जा. या पूर्ण पानावर मला सगळ्यात महत्त्वाचं हेच उत्तर वाटतं. आमच्या बॅचला एक मुलगा होता, ड्रिल एकदम सुंदर, आवाज खणखणीत, तो अचानक तीन रविवार आलाच नाही. घरी जाऊन बघितलं तर बुटाचा सोल निघाला होता आणि ते सांगायची त्याला लाज वाटली. चांभाराकडे चाळीस रुपयांत काम झालं असतं, आणि सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, त्या चुकलेल्या तीन परेडनी त्याला शेवटी घाम फोडला.

एएनओंना एकटं गाठून सांगा, बहुतेक कॉलेजात पास आउट झालेल्यांचे बूट-बेल्ट कुठल्यातरी कपाटात पडलेले असतात. आणि सिनिअर हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती, फॉल इनमध्ये (ओळीत उभं असताना) सगळ्यांसमोर एखाद्याला ‘तुझा बूट कुठाय’ विचारायच्या आधी बाजूला घेऊन विचारा. युनिफॉर्म कशासाठी असतो, तर एसटी ड्रायव्हरचा मुलगा आणि डॉक्टरची मुलगी एका ओळीत सारखे दिसावेत म्हणून, त्याच युनिफॉर्मपायी कोणी ओळ सोडून जात असेल तर ते आपल्या सगळ्यांचं चुकलंय.

४. बेरेट डोक्यावर पातेल्यासारखी उभी राहते, बसवायची कशी?

नवीन बेरेट सगळ्यांचीच तशी असते. कोमट पाण्यात भिजवा, उकळत्या पाण्यात नाही, लोकर आटते आणि मग ती लहान भावालाच होते. पिळून काढा पण पिरगाळू नका, टॉवेलमध्ये दाबा. मग डोक्यावर घाला, कडेची पट्टी कपाळावर आडवी सरळ आली पाहिजे, भुवईच्या साधारण एक इंच वर. बॅज डाव्या डोळ्याच्या वर येईल अशी फिरवा आणि उरलेलं कापड उजव्या कानाकडे खाली ओढून हाताने दाबत दाबत चापट करा. अर्धा तास तशीच घालून बसा, अभ्यास करा, आईला भाजी निवडून द्या, फक्त डोकं खाजवू नका. नंतर अलगद काढून सपाट जागेवर सावलीत वाळवा. एकदा नाही बसली तर दोनदा करा, माझी तिसऱ्यांदा बसली होती.

मागची नाडी आपल्या मापाला बांधून आत खोचायची, शेपटीसारखी लोंबकळायला नको. केस कापल्यावर किंवा अंबाडा बदलल्यावर माप परत बघा. शीख कॅडेट पगडी बांधतात आणि बॅज पगडीवर लावतात, त्यांना बेरेटचा प्रश्न नाही.

५. बॅज आणि बकल चमकवायला काय वापरू?

पितळेचं असेल तर ब्रासो. थोडंसं लावा, वाळू द्या, मऊ सुती कापडाने घासा. बॅज बेरेटवर लावलेला असतानाच ब्रासो लावू नका, कापडावर पांढरट काळे डाग पडतात ते जात नाहीत, बॅज काढायचा कंटाळा असेल तर जुन्या पोस्टकार्डाला खाच पाडून ते मधे सरकवा. आता एक महत्त्वाचं, हल्ली बरेचसे बॅज पितळेचे नसतात, वरून सोनेरी मुलामा असतो. त्याला ब्रासो लावला की दोन महिन्यांत मुलामा उडून बॅज करडा पडतो. तसला बॅज नुसता कोरड्या कापडाने पुसायचा. ओळखायचं कसं, तर मागची बाजू बघा, आणि न समजलं तर पीआय साहेबांना दाखवा, ते हातात घेतल्या घेतल्या सांगतात.

६. बुटाला सिनिअरसारखी चकाकी का येत नाही?

कारण ती एका दिवसात येत नाही, थरावर थर चढतात. आधी ब्रशने धूळ पूर्ण काढा, शिवणीत अडकलेली माती जुन्या टूथब्रशने. मग सुती कापड बोटाला घट्ट गुंडाळा, चेरी किंवा किवी कुठलंही डबीतलं काळं पॉलिश अगदी थोडं घ्या आणि टोकावर छोटे छोटे गोल फिरवा. थर धुरकट झाला की पाण्याचा एक थेंब आणि परत गोल. असं पाच-सहा वेळा, मग दुसऱ्या दिवशी परत. लिक्विड पॉलिशची बाटली परेडच्या बुटाला लावू नका, ते वरून चमकतं आणि चालताना घडीवर तडकतं, मग खालचं सगळं खरवडून काढावं लागतं.

नवीन बूट चावतो हे खरंय. पहिले पंधरा दिवस घरात रोज अर्धा तास घालून फिरा, जाड सॉक्स घाला, टाचेला आधीच चिकटपट्टी लावा. नवा कोरा बूट घालून थेट कॅम्पला जाणारे तिसऱ्या दिवशी एमआय रूमच्या (कॅम्पच्या दवाखान्याच्या) लाइनीत असतात.

७. बुटाला नाल ठोकून घेऊ का? आवाज भारी येतो.

गार्ड ऑफ ऑनरच्या किंवा आरडीसीच्या (दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या कॅम्पच्या) स्क्वाडला सांगितलं असेल तरच. कॉलेजच्या गुळगुळीत फरशीवर नालवाला बूट घसरतो, मी दोन जणांना सलामी देताना पडताना बघितलंय. आवाज पाय बरोबर आपटल्याने येतो.

८. इस्त्री आणि स्टार्चचं काय?

पॅंटला पुढे-मागे एकच क्रीज, दोन समांतर रेषा दिसल्या तर जुन्या क्रीजवर पाणी शिंपडून ती आधी मोडा आणि मग नवीन करा. बाहीला बाहेरच्या बाजूने क्रीज. शर्ट मागून फुगा व्हायला नको, दोन्ही कडांना घडी घालून खोचायचा. शर्टाच्या बटणांची पट्टी, बकलची कड आणि पॅंटची पुढची शिवण ही वरपासून खालपर्यंत एका रेषेत आली पाहिजे, तपासणारे साहेब सगळ्यात आधी नजर तिथेच टाकतात. बाही दुमडायची असेल तर कोपराच्या वर, चार बोटं रुंद आणि दोन्ही हातांना सारखी.

सुती खाकी असेल तर कांजी लागते, घरी तांदळाची पेज गाळून घेतली तरी चालते नाहीतर दुकानातलं रिवाइव्ह स्टार्च. टेरीकॉट असेल तर कांजीची फार गरज नाही. पावसाळ्यात कांजी कमी करा, ओलसर राहिली की वास येतो आणि बुरशीचे ठिपके पडतात. कोकणातल्या आणि घाटावरच्या मुलांचा नेहमीचा प्रश्न असतो की कपडे वाळतच नाहीत, तर शनिवारी रात्री धुवायच्या ऐवजी परेड झाली की रविवारीच धुवून टाका, आठवडा मिळतो. पांढरा युनिफॉर्मवाल्या नेव्हल विंगने उजाला बादलीभर पाण्यात आधी ढवळून मग कपडा टाकावा, थेट कपड्यावर पडला तर निळे डाग बसतात.

९. केस किती बारीक? अंबाडा कसा?

मुलांनी मागून आणि बाजूने बारीक, कल्ले कापलेले, बेरेटच्या खाली केसांचा झुपका दिसता कामा नये. बाजूने कोरलेल्या रेघा, रंगवलेले केस चालत नाहीत. मुलींनी लांब केसांचा घट्ट अंबाडा, काळी जाळी, काळ्याच पिना. अंबाडा मानेच्या जवळ खाली घाला, वर घातला की बेरेट मागून उचलली जाते. समोरचे उडणारे केस थोडं खोबरेल लावून बसवा. बॉबकट असेल तर कॉलरच्या वर राहील एवढा. एनसीसीसाठी मुलींना केस कापावे लागतात हा गैरसमज अजून गावोगाव आहे, मला आईवडिलांचे फोन येतात यासाठी, तर नाही, लांब केस ठेवून मी पाच वर्षं केलंय.

१०. श्रावणात दाढी करत नाही आमच्याकडे, १५ ऑगस्टच्या परेडचं काय?

दरवर्षी येणारा प्रश्न, आणि १५ ऑगस्ट बहुतेक वेळा श्रावणातच येतो. परेडला क्लीन शेव्ह लागते. घरचा नियम तुम्हाला मोडायचा नसेल तर मी तो मोडा म्हणणार नाही, पण मग परेडच्या स्क्वाडसाठी नाव देऊ नका आणि हे जुलैतच सांगा, आदल्या दिवशी नाही, कारण तुमच्या जागी दुसऱ्याला तयार करायला वेळ लागतो. त्या दिवशीची बाकी कामं असतात, पाहुण्यांची व्यवस्था, मैदान आखणं, तीसुद्धा कामंच आहेत. शीख कॅडेटची दाढी ही वेगळी गोष्ट, तिला परवानगी आहेच.

११. नागपंचमीची मेंदी हातावर आहे, चालेल?

परेडला मेंदी नको असं सगळीकडे सांगतात. बहिणीचं लग्न असेल आणि हात रंगलेलेच असतील तर आधी कल्पना द्या, मागच्या ओळीत उभं करतात किंवा त्या दिवशी सोडतात, कोणी घरी हाकलत नाही. नेलपॉलिश, बांगड्या, पैंजण, लोंबते कानातले नाहीत. हातात बांधलेले गंडे-दोरे, राखी बाहीत लपत नाही, परेडपुरतं काढून खिशात ठेवा. टिळा, टिकली परेडला पुसून टाकायला सांगतात. साधं घड्याळ चालतं, नंबरचा चष्मा चालतो, गॉगल नाही.

१२. वडील गेले, माझं मुंडण झालंय. बेरेट सैल होते आणि मला असं समोर उभं राहायला कसंतरी वाटतं.

हा प्रश्न मला दोनदा आलाय म्हणून लिहितेय. आधी तर दहावं-तेरावं होईपर्यंत परेडचा विचार करू नका, सरांना फक्त निरोप जाऊ द्या. परत आल्यावर मागची नाडी घट्ट करा, आतल्या पट्टीला पातळ सुती कापडाची घडी लावली की बेरेट बसते. मुंडण कुठल्याच नियमात बसत नाही असं नाही, केस बारीकच असावेत एवढंच म्हणणं असतं. आणि तुमच्या शेजारी उभी असणारी मुलं तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त समजूतदार असतात.

१३. पाळीच्या दिवसात लांब परेड असेल तर? विचारायला लाज वाटते.

विचारा, त्यात काही नाही. खाकीवर डाग लगेच दिसतो म्हणून आत गडद रंगाची घट्ट शॉर्ट घालायची सवय लावा, बॅगेत एक जास्तीची पॅंट ठेवा. त्रास होत असेल तर जीसीआय मॅडम (मुलींच्या प्रशिक्षक) किंवा लेडी एएनओ असतात त्यांना सांगा, पुरुष पीआय असले तरी ‘साहेब, फॉल आउट व्हायचंय’ (ओळीतून बाहेर पडायचंय) एवढं पुरतं, त्यामागचं कारण कोणी विचारत नाही. दोन तास उन्हात दात-ओठ खाऊन उभं राहून चक्कर येऊन पडण्यात काही शौर्य नाही.

१४. रँक मिळाली असं सर म्हणाले, फीत लगेच लावू?

ऑर्डर निघाल्यावर. लान्स कॉर्पोरलला एक फीत, कॉर्पोरलला दोन, सार्जंटला तीन, पुढे सीक्यूएमएस (कंपनी क्वार्टरमास्टर सार्जंट), सीएसएम (कंपनी सार्जंट मेजर) आणि सिनिअर डिव्हिजनला, म्हणजे कॉलेजच्या कॅडेटना, ज्युनिअर आणि सिनिअर अंडर ऑफिसर. फीत शिवताना दोन्ही कडा मोजून घ्या, वाकडी फीत फोटोत आयुष्यभर वाकडी राहते. नेमप्लेट उजव्या खिशावर.

१५. माझे आजोबा सैन्यात होते, त्यांचं मेडल परेडला लावू का?

सातारा, सांगली, कोल्हापूर भागातून हा प्रश्न हमखास येतो, तिकडे घरटी एक फौजी असतो. कॅडेटच्या युनिफॉर्मवर दुसऱ्याने मिळवलेलं मेडल लागत नाही, डाव्या छातीवरची जागा ज्याने कमावलं त्याची. शहीद झालेल्या जवानाच्या घरच्यांनी स्मरणाच्या कार्यक्रमाला साध्या कपड्यांवर उजव्या बाजूला मेडल लावायची पद्धत आहे, त्या कार्यक्रमाला तुम्ही साध्या कपड्यात जा आणि अभिमानाने लावा.

१६. टोपी काढलेली असताना साहेब आले तर सॅल्यूट करायचा का?

नाही. डोक्यावर काही नसेल तर हात वर जात नाही, सावधान व्हायचं आणि ‘जय हिंद सर’ म्हणायचं.

१७. युनिफॉर्मवर कॉलेजला, बाजारात, टू-व्हीलरवर गेलं तर चालतं?

परेडला जाता-येता चालतंच, एसटीत बसून तसेच जातो आपण. पण घातला तर पूर्ण घाला. खाली खाकी पॅंट आणि वर टी-शर्ट, किंवा युनिफॉर्म आणि पायात चप्पल, हे नको. शर्टाची वरची बटणं उघडी टाकून टपरीवर उभं राहू नका, भूक लागली तर वडापाव जरूर खा, पण बसून आणि बेरेट बॅगेत नीट ठेवून. टू-व्हीलरवर हेल्मेटच, बेरेट घालून गाडी चालवायची नाही, याला अपवाद नाही. सिगरेट, तंबाखू युनिफॉर्ममध्ये दिसली तर माझ्या वेळी सरळ घरी पाठवायचे आणि बरोबर करायचे.

१८. रील काढली तर काय होतं? आणि बाजारात आर्मीच्या चित्त्या-पट्ट्याचा ड्रेस मिळतो तो घेऊ का?

परेडचा, कॅम्पचा साधा फोटो आठवण म्हणून काढायला आधी विचारा आणि काढा, शस्त्राजवळ, फायरिंग रेंजवर, छावणीच्या गेटवर मोबाइल बाहेरच काढू नका. युनिफॉर्म घालून गाण्यावर नाचलेल्या रीलमुळे रँक गेलेली मुलं मला माहीत आहेत.

सैन्याचा कॉम्बॅट ड्रेस वेगळी गोष्ट आहे. २०२२ च्या आर्मी डेला जो नवा डिजिटल पॅटर्न आला तो सैन्याचा स्वतःचा आहे, दुकानातून त्याची नक्कल घेऊन घालू नका. सैनिक नसताना लोकांना सैनिक वाटावं म्हणून तसा पोशाख घालणं हा गुन्हा आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १४० होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १६८, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

१९. मी गोव्याची आहे, महाराष्ट्रातल्या मैत्रिणीचं जुनं शोल्डर टायटल आणि बेल्ट वापरू?

बेल्ट वापरा. शोल्डर टायटल नको, गोव्याची युनिटं कर्नाटक आणि गोवा डायरेक्टरेटखाली (एनसीसीचं त्या भागाचं मुख्य कार्यालय) येतात, महाराष्ट्राचं डायरेक्टरेट वेगळं. तुमच्या ऑर्डरही तिकडूनच येणार.

२०. आमच्या शाळेत एनसीसी नाही, आरएसपी (रोड सेफ्टी पेट्रोल) आहे. हेच नियम?

बॅज, पट्टे, टोपी तुमच्या शिक्षकांनी सांगितलेलीच. प्रश्न ६ आणि ८ मधलं पॉलिश-इस्त्रीचं मात्र सगळं जसंच्या तसं चालेल.

२१. सी सर्टिफिकेट (सिनिअर विंगचं शेवटचं) झालं, आता युनिफॉर्मचं काय करायचं?

स्टोअरमधून सही करून घेतलेलं सगळं परत द्यायचं, धुवून, इस्त्री करून, बकल पुसून. भत्त्यातून किंवा स्वतःच्या पैशातून घेतलेलं तुमचं, पण ते भांडीवालीला देऊन टाकू नका, बॅज, टायटल, फिती आधी उसवून काढा. बूट धड असतील तर प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या त्या कपाटात ठेवा, आत कागदावर माप लिहून, कारण पुढच्या जूनमध्ये सात नंबर शोधत कोणीतरी येणारच आहे. आणि सामान जमा केल्याची पावती घ्या, क्लिअरन्सच्या वेळी ती मागतात.